सूज उतरते, मूळ तिथेच राहते

वाचक भगिनीचे पत्र: माझे वय ५४. आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. नऊ दिवसांपूर्वी डावीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेपाशी हिरडी सुजली आणि रात्रभर ठणका लागला. तिसऱ्या दिवशी तोंडात खारट, घाण चवीचा पू आला आणि एकदम हलके वाटले. यजमानांच्या खोकल्याच्या वेळच्या अँटिबायोटिक कॅप्सूल घरात उरल्या होत्या, त्या तीन दिवस घेतल्या. सूज गेली, पण परवापासून परत आली आहे आणि या वेळी गालही सुजला आहे. ती दाढ थोडी हलते. हिरड्यांतून ब्रश करताना रक्त तर दोन-तीन वर्षांपासून येते. मला आठ वर्षे मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. उपाशीपोटीची साखर एरवी १४० च्या आसपास असते, काल २१० आली. जाऊबाई विटेचा शेक घे म्हणतात. शेजारीण सांगते की सुजलेली दाढ काढू नये, आणि दाढ काढली की डोळे अधू होतात. लवंगेचे तेल लावले तर हिरडी पांढरी पडून जास्तच झोंबू लागली. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बारा दिवसांवर आली आहे. गणपतीवर टांगायच्या फळांच्या माटोळीपासून नेवऱ्यांपर्यंत (करंज्यांपर्यंत) सगळे माझ्याच हातून व्हायचे असते, मुंबईची माणसेही येणार आहेत. तोवर आणखी कॅप्सूल घेऊन निभावले आणि चवथ झाल्यावर दाढ दाखवली तर चालेल का?

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही, चालणार नाही. चवथीनंतर नव्हे, तर आज किंवा फार तर उद्या सकाळी तुम्ही दंतवैद्याकडे गेले पाहिजे. पत्र मिळाले त्याच दिवशी एवढे तुम्हाला कळवले होतेच. येथे सविस्तर लिहिते आहे ते अशासाठी की, हेच दुखणे आणि हाच हिशेब घेऊन पावसाळ्याच्या अखेरीस माझ्याकडे येणाऱ्या बायका थोड्या नसतात. घरातल्या सगळ्यांचे उरकल्यावर स्वतःच्या दुखण्याकडे पाहायचे, ही सवय तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीत मला दिसली आणि तिनेच मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले.

तुमच्या हिरडीत काय चालले आहे ते समजले, तर उशीर का करायचा नाही हे वेगळे सांगावे लागणार नाही. हिरडीवरची दुखरी सूज म्हणजे बहुतेक वेळा आत साचलेला पू असतो, आणि तो साचण्याची कारणे मुख्यतः तीन-चार असतात. दाढ किडून कीड नसेपर्यंत पोहोचली आणि आतली नस मेली, तर मुळाच्या टोकाशी पू धरतो. अशी दाढ गरम चहाने सणकते, इतर दातांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटते आणि वरचा दात टेकला तरी कळ जाते. दुसरा प्रकार हिरडीच्या जुन्या आजाराचा. दाताभोवती वर्षानुवर्षे कीटण साचत गेले की हिरडी दातापासून सुटते, दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल कप्पा तयार होतो आणि त्या कप्प्याचे तोंड कधीतरी बुजले की आतल्या आत पू कोंडतो. तिसरा प्रकार अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेचा, जिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकत राहते. हा त्रास तरुण वयात अधिक दिसतो. चौथे कारण आपल्या गोव्यात विसरून चालत नाही: हुमणातल्या माशाचा बारीक काटा. जेवताना तो हिरडीत रुततो, त्या वेळी लक्षात येत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी तेवढीच जागा लालबुंद होऊन फुगते. काटा दिसत असेल तर दातांमधून फिरवायच्या दोऱ्याने तो हलकेच निघतो, पण सेफ्टी पिनने उकरून काढण्याच्या नादात हिरडीची जखम खोल करून आलेली माणसेही मी पाहिली आहेत.

दाढ हलते, रक्त दोन-तीन वर्षांपासून येते आणि मधुमेह आठ वर्षांचा आहे, हे तिन्ही एकत्र पाहता माझा अंदाज दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो. तरीही तो अंदाजच आहे. दाढेचा छोटा एक्स-रे काढून, हिरडीचा कप्पा किती खोल आहे ते मोजून आणि दाढेची नस जिवंत आहे की नाही ते तपासूनच दंतवैद्य निदान करतील, कारण दोन्ही बाजूंनी बिघडलेल्या दाढाही असतात आणि त्यांचा उपचार वेगळा असतो.

तिसऱ्या दिवशी तोंडात पू आला आणि एकदम हलके वाटले, असे तुम्ही लिहिता. ते हलकेपण खरे होते, पण फसवे होते. ठणका लागतो तो कोंडलेल्या पुवाच्या दाबामुळे. पुवाला वाट मिळाली की दाब उतरतो आणि वेदना थांबते. पू जिथून तयार होतो ती जागा मात्र जशीच्या तशी राहते. मुळाला चिकटलेले कीटण असो की दाढेच्या आतली मेलेली नस असो, ती कोणत्याही कॅप्सूलने निघत नाही. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच उरलेला नसल्यामुळे रक्तातून जाणारे औषध तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि कीटणावरचे जंतूही थर करून बसलेले असल्याने औषधाला सहसा दाद देत नाहीत. म्हणून अँटिबायोटिकने आजूबाजूची सूज उतरते, माणूस निश्चिंत होतो, आणि औषध थांबले की थोड्याच दिवसांत तेच दुखणे पहिल्यापेक्षा मोठे होऊन परत येते. तुमच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे: पहिल्यांदा फक्त हिरडी होती, आता गालही आहे.

उरलेल्या कॅप्सूल घेण्यात आणखी एक चूक आहे, आणि ती मी दोष देण्यासाठी नव्हे तर पुन्हा होऊ नये म्हणून सांगते. खोकल्यासाठी दिलेले औषध दाढेच्या जंतूंना लागू असेलच असे नाही, आणि तीन दिवस अर्धवट घेतल्याने चिवट जंतू मागे उरतात. अँटिबायोटिक मुळीच लागत नाही असे मात्र समजू नका. ताप असेल, सूज पसरत असेल किंवा मधुमेहासारख्या आजाराने शरीराची प्रतिकारशक्ती उणावलेली असेल, तर दंतवैद्य ते देतात आणि तुम्हालाही बहुधा देतील. मात्र ते पू काढण्याच्या जोडीला असते, त्याच्या जागी नसते. घरी आधी कोणत्या कॅप्सूल, किती मिलिग्रॅमच्या आणि किती दिवस घेतल्या, हे त्यांना लपवू नका. शक्य असल्यास रिकामे पाकीटच सोबत न्या. कधी कोणत्या औषधाने अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या असतील, तर तेही आधी सांगा.

आता साखरेविषयी, कारण तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा तो २१० चा आहे. शरीरात कुठेही पू धरला की साखर वाढते, आणि साखर वाढलेली असली की जंतूंशी लढण्याची शरीराची ताकद कमी पडते. एकाने दुसऱ्याला वाढवायचे, असे हे चक्र असते. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह यांचे नाते असे दुहेरी आहे, आणि हिरडीवर वारंवार गळू होणे हे साखर हाताबाहेर गेल्याचे लक्षण मानले जाते. म्हणून उपचार दोन्हीकडून एकाच वेळी झाले पाहिजेत. तुम्ही ज्यांच्याकडे मधुमेहाचे औषध घेता त्या डॉक्टरांना हा आकडा आजच कळवा. गोळीचा डोस स्वतःहून वाढवू नका, आणि तोंड दुखते म्हणून जेवण सोडून साखरेची गोळी मात्र चालू ठेवली असेही होऊ देऊ नका, कारण काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने अशा वेळी साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. दंतवैद्याकडे उपाशीपोटी जायचे नसते. सकाळची न्याहारी आणि नेहमीची औषधे घेऊन सकाळच्याच वेळेला जावे, आणि साखर वाढली आहे म्हणून जाणे पुढे ढकलू नये. अशा वेळी पू काढून टाकणे हाच साखर खाली येण्याचा एक मार्ग असतो.

रक्तदाबाच्या गोळीचेही नाव लिहून न्या. अॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी हिरडी जाड होऊन दातांवर चढल्यासारखी दिसते. तसे होणे सहसा दुखत नाही, त्यामुळे आताच्या तुमच्या ठणक्याचे ते कारण नसावे, पण कीटण साचायला त्यामुळे मदत होते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. घरात कोणी रक्त पातळ करण्याचे औषध घेत असेल, तर त्यांनाही हीच सूचना लागू आहे.

शेजारीणबाईंनी सांगितलेल्या दोन गोष्टींचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण या दोन समजुतींनी आपल्याकडे पुष्कळ माणसांना घरी बसवून ठेवले आहे. डोळ्याने पाहण्याची नस आणि दातांची नस या दोन स्वतंत्र नसा आहेत. दात काढल्याने किंवा तो काढताना दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनाने नजर अधू होते, हा समज खोटा आहे. खरे तर धोका उलट्या बाजूने असतो: वरच्या सुळ्याजवळच्या दातांतला पू वेळेवर काढला नाही, तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीकडे सरकू शकतो. तुमची दाढ तर खालची आहे. दुसरी समजूत, सुजलेली दाढ काढू नये ही, अगदीच निराधार नाही, म्हणून ती टिकून राहिली असावी. पू असलेल्या जागी भूल नीट चढत नाही, कारण तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो. जुन्या काळी अशा अवस्थेत दाढ ओढून काढणे म्हणजे रुग्णाच्या किंकाळ्याच असत. आता सुजलेल्या जागेपासून दूर, जबड्याच्या मागच्या बाजूला नसेच्या मुळाशी इंजेक्शन देऊन पूर्ण खालचा भाग बधिर करता येतो. त्याच दिवशी पुवाला वाट करून द्यायची आणि दाढेचा निर्णय नंतर घ्यायचा, की दाढही लगेच काढायची, हे तपासणीनंतर ठरते. हिरडीचा कप्पा साफ करून दाढ टिकण्यासारखी असेल, तर दंतवैद्य ती ठेवण्याचाच प्रयत्न करतील. नस मेलेली असेल आणि मूळ भक्कम असेल, तर रूट कॅनाल करता येईल. दाढ वाचावी असे मलाही वाटते, पण आधाराचे हाड झिजून ती फार हलत असेल, तर तिच्यासाठी हट्ट धरू नका.

जाऊबाईंच्या विटेच्या शेकाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. त्यांच्या मनातली काळजी मी समजू शकते, आणि कंबर किंवा गुडघा दुखत असता तर मी त्यांच्याच बाजूने बोलले असते. पण पू धरलेल्या गालाला बाहेरून गरम शेक दिल्याने तिथला रक्तप्रवाह वाढून सूज आणखी फुगते, आणि पू गालाच्या कातडीकडे ओढला जाऊन बाहेरून फुटण्याची भीती राहते. तसा फुटला तर गालावर कायमचा खळगा उरू शकतो. बाहेरून लावायचेच असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावावा आणि तेवढाच वेळ थांबावे. ऊब द्यायची ती तोंडाच्या आतून: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, प्रत्येक खाण्यानंतर आणि निजण्यापूर्वी ते पाणी दुखऱ्या बाजूला मिनिटभर धरून थुंकून टाकावे. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने दाताची कळ काही वेळ बधिर होते हे खरे, पण ते निव्वळ तेल हिरडीला लागले की हिरडी भाजते. तुमच्याकडे उमटलेला पांढरा डाग त्याचाच आहे. आता पुन्हा लावू नका, तो डाग काही दिवसांत आपोआप भरून येईल. अॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरण्याचा जो प्रकार काही घरांत चालतो, त्यानेही असाच चट्टा पडतो, आणि कधी कधी तो मूळ दुखण्यापेक्षा जास्त सतावतो. फोड सुईने फोडू नका, बोटाने दाबून पू काढू नका.

दंतवैद्य भेटेपर्यंतच्या रात्रीसाठी पॅरासिटॅमॉल पुरे. यकृताचा आजार नसेल तर ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या सहा तासांच्या अंतराने घेता येतात, आणि दिवसभरात ४ ग्रॅमची, म्हणजे आठ गोळ्यांची, मर्यादा ओलांडायची नसते. मी तर सहाच्या आतच राहा असे सांगेन. सर्दीतापाच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटॅमॉल असते, त्यामुळे दोन्ही एकदम घेऊ नयेत. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक फार्मसीतून परस्पर आणून घेऊ नका, कारण मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांवर या गोळ्यांचा ताण पडतो. दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपलात तर ठणका थोडा कमी जाणवेल. दुखते म्हणून ब्रश करणे थांबवू नका, मऊ ब्रशने हलक्या हाताने करा, आणि मिश्री किंवा पान-तंबाखू असेल तर ते आजपासून बंद.

आता जे लिहिते ते यजमानांनाही वाचून दाखवा. तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडू लागले, थुंकी गिळताना दुखू लागले, जिभेखालचा भाग कठीण होऊन जीभ वर उचलल्यासारखी वाटली, आवाज घोगरा झाला, सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली, थंडी वाजून ताप भरला किंवा श्वास घ्यायला जड गेले, तर यातले एक लक्षण दिसले तरी सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करून थेट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या तातडीच्या विभागात जा. खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्यातल्या ज्या स्नायूच्या खाली उतरलेली असतात, त्याच वाटेने तिथला पू जिभेखाली आणि गळ्यात सहज पसरतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात श्वासाची वाट बंद होण्याचा धोका असतो. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत सत्तरी तालुक्यातले एक कुळागरवाले, म्हणजे सुपारीच्या बागेचे मालक असलेले, गृहस्थ माझ्याकडे आले होते. सूज दोनदा येऊन उतरली, म्हणून तिसऱ्यांदाही ती उतरेल असे धरून ते सुपारीच्या कामात राहिले, आणि आले तेव्हा त्यांच्या तोंडात माझे एक बोटही जाईना. त्यांना तसेच बांबोळीला नेले, गळ्यावर छेद देऊन पू काढावा लागला, आणि बरे व्हायला त्यांना तीन आठवडे लागले. ते वाचले, पण त्यांच्या पत्नीचा त्या दिवशीचा चेहरा मी विसरलेले नाही. तुमच्या पत्रात यातले एकही लक्षण नाही, आणि म्हणूनच हीच जाण्याची योग्य वेळ आहे.

कुठे जावे, तर डिचोलीतल्या तुमच्या ओळखीच्या दंतवैद्याकडे गेलात तरी पुरेसे आहे. तशी सोय नसेल तर बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहे. ते १९८० पासून चालू आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयाला लागूनच असल्यामुळे साखरेचीही तपासणी एकाच फेरीत होऊ शकते. तिथे गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर निघा, आणि परतताना तोंड बधिर असेल म्हणून कोणाला तरी सोबत न्या.

उद्या गेलात तर बारा दिवस पुष्कळ आहेत. पुवाला वाट मिळाल्यावर ठणका एक-दोन दिवसांत ओसरतो, आणि दाढ काढावी लागली तरी दहा-बारा दिवसांत जखमेवरची हिरडी बरीच जुळून आलेली असते. पहिले दोन दिवस चुलीपुढे किंवा गॅससमोर तासन्‌तास उभे राहून तळण करू नका. नेवऱ्यांचे काम शेवटच्या दिवसांवर ठेवा आणि माटोळीची फळे बांधायला घरातल्या मुलांना लावा, त्यांनाही ते शिकायला हवेच. चवथीच्या दिवशी कुरकुरीत नेवरी त्या बाजूने चावू नका. एक विनंती मात्र मनापासून करते: यंदा तयेचा, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशीच्या हरतालिकेचा, उपवास करू नका. हिरडीत नुकताच संसर्ग झालेला असताना आणि साखर वरखाली होत असताना दिवसभर उपाशी राहणे तुमच्या शरीराला झेपणार नाही. पूजा करा, पत्री वाहा, पण वेळेवर जेवून औषध घ्या.

चवथीनंतर सगळ्या हिरड्यांची खोलवर सफाई करून घ्यावी लागेल, कारण दोन-तीन वर्षे रक्त येते म्हणजे हा आजार एका दाढेपुरता नाही. त्यानंतर पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी दाखवा आणि त्याच सुमारास तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी ही तपासणी करून घ्या. हिरड्या सुधारल्या की तो आकडाही थोडा खाली येतो, असा माझा पुष्कळ रुग्णांमधला अनुभव आहे. आणि उपचारानंतरही त्याच जागी गाठ किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून अधिक राहिली, दुखत नसली तरी, तर ती पुन्हा दाखवून तिचा तुकडा तपासायचा की नाही हे विचारा.

दंतवैद्यांनी काय निदान केले आणि दाढ राहिली की गेली, ते मला चार ओळींत कळवा. गालाची सूज उतरल्याचे तुमच्या हातचे वाचेपर्यंत मी वाट पाहीन.

तुमची,
दंतवैद्य आणि या सदराची लेखिका